म्हणे आणि बिनम्हणे

बद्रीनाथ पाचोडकर बोलताना कधी ‘म्हणे’ म्हणायचा नाही आणि लिहिताना ‘म्हणे’शिवाय ओळ पुरी करायचा नाही. बोलायला लागला की सगळं ठाम. भाजीत मीठ कमी पडलं तर ते बायकोला, चतुराबाईला, तोंडावर सांगायचा आणि त्याबद्दल पुढचे दोन दिवस खारट भाजी खायचा. पण हातात टाक आला की हाच माणूस भलता सावध व्हायचा. निजामाच्या राज्यात राजकारणावर लिहून पोट भरायचं, तर सावध राहणं आलंच.

औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या बोळातून ‘खडान्खडा’ नावाचं मराठी साप्ताहिक निघायचं. चारच पानं, आणि शाई अशी की वाचणाऱ्याची बोटं दिवसभर काळी राहायची. मालक, संपादक आणि पत्ते लिहिणारा माणूस, तिन्ही एकच, आप्पासाहेब. राजकारणाच्या बातम्या बद्रीनाथकडे. त्या वेळी सभा भरवायला परवानगी लागायची, भाषणाला परवानगी लागायची, छापखान्याला परवानगी लागायची. परवानगी मागायला तेवढी परवानगी लागत नव्हती.

आप्पासाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून धंद्याचं मर्म सांगितलं.

“बद्रीनाथ, ज्या वाक्यापायी आपण आत जाऊ, त्या वाक्याच्या शेवटाला ‘म्हणे’ लिहायचं. मंग ते वाक्य आपलं राहत नाय. लोकाचं होतं.”

बद्रीनाथनं हा मंत्र असा घोटला की आप्पासाहेबांनाही कधीकधी धास्ती वाटायची. ‘तालुक्याचा नवा पूल कागदावर बांधून झाला म्हणे.’ ‘कचेरीतली घोडी आताशा चंदी खात नाहीत, तरी चंदी संपते म्हणे.’ ‘अमुक गावी साहेब दौऱ्यावर गेले आणि गावातल्या कोंबड्या पाहुण्या म्हणून दुसऱ्या गावी गेल्या म्हणे.’ अशा बातम्यांनी अंक भरायचा.

सरकारनंही आपल्या बाजूनं बंदोबस्त ठेवला होता. ‘खडान्खडा’चा प्रत्येक अंक वाचून त्याचं उर्दू करायचं आणि वर पाठवायचं, हे काम मुन्शी शफीककडे होतं. शफीक शहरातलाच, आजोबा-पणजोबांपासून इथला. त्याला मराठी आणि दखनी दोन्ही घरच्या भाषा. ‘म्हणे’ आलं की तो इमानदारीनं ‘कहते हैं’ लिहायचा. वरचे अफसर चिडून विचारायचे, “कौन कहते हैं?” शफीक हात बांधून सांगायचा, “लोगां, हुजूर.” आता लोकांना अटक करायची तर तेवढा मोठा तुरुंग कुणाकडे होता?

बद्रीनाथ आणि शफीक एकाच हाटेलात चहा प्यायचे, पण टेबल वेगळं धरायचे. एकदा शफीकनं जाता जाता त्याला गाठलं. “बद्रीनाथ, तुमच्या म्हणेपायी माझी शाई आटत चालली. आठवड्याला एक ओळ तरी साधी लिहा की.” बद्रीनाथ म्हणाला, “साधी लिहिली तर आमचा आठवडा आटेल.” दोघंही हसले आणि आपापल्या टेबलाला जाऊन बसले.

बद्रीनाथची खरी सत्ता मात्र औरंगाबादेत नव्हती. ती पाचोडला होती. पाचोड त्याचं गाव. बाजाराच्या दिवशी पुंजाराम किराणेवाला आपल्या दुकानाच्या ओट्यावर उभा राहून ‘खडान्खडा’ मोठ्यानं वाचायचा, आणि मीठ-मिरची घ्यायला आलेलं गाव पिशव्या खाली ठेवून ऐकायचं. सगळ्यांत पुढं, पालथ्या पाटीवर, बद्रीनाथची माय सारजाबाई. तिला अक्षराची ओळख नव्हती. पण पुंजारामनं ‘म्हणे’ म्हटलं की ती आजूबाजूला बघून घ्यायची, कोण हसलं आणि कोण नाही. न हसणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी ती बातमी पुन्हा समजावून सांगायची. गावात भांडण झालं, बैल हरवला, सोयरीक मोडली, तरी लोक म्हणायचे, बद्रीनाथला विचारा, तो खोटं सांगायचा नाही. हे ऐकलं की बद्रीनाथला औरंगाबादेतल्या भाड्याच्या खोलीतही ऐसपैस वाटायचं. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

‘खडान्खडा’ बुडालं ते कशामुळं? मोठ्या लेखामुळं नाही, अग्रलेखामुळं नाही. ‘ण’मुळं.

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ओळी उभ्या करणारा जुळारी होता, कारभारी नावाचा. एका आठवड्यात बद्रीनाथनं इतके ‘म्हणे’ लिहिले की कारभारीच्या पेटीतले ‘ण’चे खिळे सरले. शेवटची बातमी उरली होती. एक बडे साहेब वाघाच्या शिकारीला जाऊन एका गरिबाची म्हैस मारून आले, अशी ती बातमी. कारभारीनं पेटी उलटी केली, झटकली, आणि म्हणेवाचून बातमी छापून टाकली.

“कारभारी, म्हणे कुठं गेलं?” आप्पासाहेबांनी अंक हातात घेऊन विचारलं.

“ण सरले, आप्पासाहेब. आख्ख्या अंकात म्हणे, म्हणे, म्हणे. मी ण कुठून आणू? अन् म्हैस तं खरंच मेली ना.”

म्हैस खरंच मेली होती, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर खुलासा मागवला असता. खरं होतं म्हणून सरकारनं परवानगीच काढून घेतली. आप्पासाहेबांनी छापखान्याला कुलूप लावलं, चष्मा खिशात घातला आणि ते जालन्याला मुलीकडे निघून गेले. जाताना ते कारभारीला एकही वाईट शब्द बोलले नाहीत, आणि कारभारी त्याच गोष्टीनं आठवडाभर रडला.

बद्रीनाथ मग रिकामा झाला. सकाळी उठायचा, गुलमंडीवरून चक्कर मारायचा, बातम्या गोळा करायचा आणि घरी येऊन चतुराबाईला सांगायचा. चतुराबाई पीठ मळता मळता ऐकायची. पुढं पुढं मळायला पीठ कमी आणि ऐकायला बातम्या जास्त झाल्या, तेव्हा ती म्हणाली, “हे कुणाला तरी विकता आलं तर बघा.”

विकत घेणारा आपणहून आला. सरकारनं उस्मानपुऱ्यात एक बंगला भाड्यानं घेऊन तिथं नवी इत्तिला कचेरी उघडली होती. सरकारचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. तिचे बडे साहेब दाऊदसाहेब हैदराबादेहून आलेले, गोरेपान, अदबीचे, पानाचे शौकीन. त्यांनी बद्रीनाथला बोलावून खुर्ची दिली. सरकारी बंगल्यात खुर्ची मिळण्याची बद्रीनाथची ही पहिलीच वेळ. तो नुसता कडेला टेकला.

“बद्रीनाथ, हमारे पर्चे लोगां पढ़ते नहीं. पढ़े तो मानते नहीं. तुम्हारा लिखा मानते. तो अब हमारी बात तुम लिखो.”

“साहेब, मी तर तुमच्या विरुद्ध लिहायचो.”

“मालूम है. सब पढ़ा मैं, शफीक मियाँ के उर्दू में. बहोत हँसा.” आणि दाऊदसाहेब ते आठवून पुन्हा हसले. हसणाऱ्या सरकारशी कसं वागायचं याचा धडा आप्पासाहेबांनी दिला नव्हता.

बद्रीनाथनं विचार करायला मुदत मागितली आणि पाचोड गाठलं. गावाला काय वाटेल, या भीतीनं त्याला घेरलं होतं. चतुराबाईला पीठ हवं होतं आणि त्याला आपलं नाव हवं होतं, आणि दोन्ही एका हातात धरायची त्याची धडपड होती. सारजाबाई गोवऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“खोटं लिवाया लावलं तं?”

“माझ्या नावानं खोटं जाणार नाही, माय.”

“मंग जाय. पोटाला तं लागतंच. पण ह्ये ध्यानात ठिव. इथं पुंजाराम वाचतो अन् माणसं माह्या तोंडाकडं पाहत्यात.”

आप्पासाहेबांचा निरोप जालन्याहून कुणाच्या तरी तोंडी आला. ‘बद्रीनाथ सरकारात गेला म्हणे.’ एवढंच. आपल्याच घडवलेल्या सुरीनं आपलं बोट कापावं तसं बद्रीनाथला झालं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

कचेरीत त्याला टेबल मिळालं, टाक मिळाला, आणि शेजारच्या टेबलाला बघतो तर मुन्शी शफीक. ‘खडान्खडा’ गेल्यावर वाचायला काही उरलं नव्हतं म्हणून त्याचीही बदली इथंच झाली होती. पूर्वी शफीक त्याचं मराठी उर्दूत न्यायचा, आता त्यानं उर्दूचं मराठी करायचं आणि शफीकनं ते तपासायचं. “आता तरी एका टेबलावर चहा घेऊ,” शफीक म्हणाला. त्या दिवसापासून घेऊ लागले.

पहिलं पत्रक धान्याचं होतं. लढाईचे दिवस, बाजारात ज्वारी दिसत नव्हती, आणि उर्दू मजकूर असा की सरकारी गोदामांत गल्ला मुबलक आहे, रयतेनं निश्चिंत राहावं. बद्रीनाथनं ठसठशीत अक्षरात मराठी केलं: ‘सरकारी गोदामांत धान्य मुबलक आहे म्हणे.’

खरं सांगायचं तर त्यानं हे मुद्दाम केलं नाही. इतक्या वर्षांची सवय. वाक्य संपत आलं की हात आपोआप तिकडं वळायचा. शफीकनं मात्र त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे म्हणे इथं काहून?”

बद्रीनाथनं तेव्हा कुठं तो शब्द पाहिला. पण हात चुकला की त्याचं डोकं मदतीला धावायचं. “हे कोण म्हणतंय?” त्यानं विचारलं.

“सरकार म्हणतंय.”

“सरकार म्हणतंय ना? मग म्हणे.”

शफीकनं विचार केला. व्याकरणात कुठं खोट सापडेना. इतकी वर्षं ‘म्हणे’चं ‘कहते हैं’ त्यानंच केलेलं, आणि सरकार तर खरोखरच कहते होतं. त्यानं खाली सही ठोकली. त्याला त्यातली गंमत कळली नव्हती की कळून त्यानं सही केली, हे शफीकनं जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

गुलमंडीच्या चौकात ते पत्रक लागलं आणि तिथं गर्दी जमली. पूर्वी सरकारी पत्रकाच्या भिंतीवर लोक पानाची पिचकारी मारत. आता लोक थांबून वाचायचे, शेवटच्या शब्दाला हसायचे आणि दुसऱ्याला वाचायला लावायचे. दाऊदसाहेब स्वतः टांग्यात बसून ती गर्दी बघून आले आणि खूश झाले. “देखो, लोगां सरकार का पर्चा पढ़ के मुस्कुरा रहे,” ते म्हणाले, आणि तसं त्यांनी हैदराबादेला कळवूनही टाकलं. हसण्याचं कारण कळवलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मराठी येत होतं ते भाजी घेण्यापुरतं, आणि भाजीवाले म्हणे म्हणत नाहीत.

पुढं मग बद्रीनाथला त्यात रुची वाटू लागली. पूल पाण्याखाली आहे, टपालाची गाडी उशिरा येईल, शाळेची परीक्षा पुढं गेली, अशी खरी बातमी असली की तो म्हणे गाळायचा. गल्ला मुबलक, रयत सुखी, अफसर दक्ष, असं असलं की म्हणे जागच्या जागी. ‘खडान्खडा’त या शब्दाचा अर्थ होता, खरं आहे पण आमच्या नावावर नको. सरकारी पत्रकात अर्थ झाला, आमच्या नावावर नको कारण खरं नाही. पाचोडला हा फरक समजावावा लागला नाही. पुंजाराम आता सरकारी पत्रक ओट्यावरून वाचायचा, आणि शेवटचा शब्द आला नाही की सारजाबाई पाटीवरून मान डोलवायची. गावानं त्याला नावही दिलं, बिनम्हणे. “पूल बंद हाय का वो?” “हाय. बिनम्हणे हाय.” मग गाड्या दुसऱ्या वाटेनं जायच्या.

बद्रीनाथच्या कानावर हे आलं आणि त्याला भरून आलं. पगारही आहे आणि नावही आहे. एका शब्दावर माणूस किती वर्षं काढू शकतो, याचा तो मनातल्या मनात हिशेब करू लागला. चतुराबाईच्या परातीत पीठ भरपूर आलं होतं आणि भाजीत मीठ बरोबर पडत होतं.

त्या उन्हाळ्यात गोदेकाठच्या गावांत पटकी आली. पैठणकडून सुरू झाली आणि वस्त्या धरत पाचोडच्या जवळ पोचली. सरकारनं या वेळी खरंच हालचाल केली. दवाखान्याचे डॉक्टर गावोगाव हिंडून विहिरींत लाल दवा टाकू लागले. पाणी गुलाबी-लाल व्हायचं, पण त्यानं रोग मरायचा. कचेरीत त्याचा उर्दू मजकूर आला. त्या दिवशी बद्रीनाथसमोर पत्रकांचा ढीग होता. सक्तीच्या धान्यलेव्हीचं एक, गल्ल्याचं एक, रयतेच्या सुखाचं एक. त्याच भरात त्यानं हेही उरकलं, शफीकनं सही केली, छापून गेलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दाऊदसाहेबांनी त्याला आत बोलावलं. पान बाजूला ठेवलेलं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“तुम्हारे गाँव में गड़बड़ है. लोगां कुएँ का पानी नहीं पी रहे. नदी के गड्ढों का पी रहे. डॉक्टर को हाथ जोड़ के वापस भेज दिए. कोई बुढ़िया है, सारजाबाई बोल के, पूरे गाँव को ले के बैठी है.”

“माय आहे माझी,” बद्रीनाथ म्हणाला.

तो बाहेर आला आणि त्यानं छापलेलं पत्रक शोधून काढलं. ‘पाचोडच्या मोठ्या विहिरीत लाल दवा टाकली आहे. ते पाणी पिण्यास निर्धोक असून त्याने पटकी टळते म्हणे.’ त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा वाचली. मायला विहिरीपासून कुणी दूर नेलं होतं? पुंजारामनं नाही, गावानं नाही. त्यानंच. आपली माय नदीच्या डबक्यातलं पाणी पितेय आणि ते आपण आपल्या हातानं तिला पाजतोय, एवढंच त्याला दिसत होतं. शफीकनं ते पत्रक त्याच्या हातातून घेतलं, वाचलं, आणि टोपी घातली. “चला,” तो म्हणाला. “मलाबी साहेबांनी तुमच्या संगं जायाला सांगितलंय. तिथं काय होतं ते लिहून द्यायचंय.”

म्हणजे शफीक सोबती म्हणूनही होता आणि सरकारचा कान म्हणूनही. हे बद्रीनाथला कळलं आणि त्यानं मान हलवली.

कचेरीची मोटार मिळायला रात्र गेली, आणि ती दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पाचोडात पोचली. बाजाराचा दिवस असून बाजार अर्धाही भरला नव्हता. मोठ्या विहिरीभोवती बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या, आणि मध्ये पालथ्या पाटीवर सारजाबाई. पुंजाराम पत्रक हातात घेऊन उभा. सारजाबाईची शेजारीण आवडाबाई आदल्या दिवसापासून अंथरुणाला खिळली होती, उलट्या थांबत नव्हत्या, असं पुंजारामनं येताच सांगितलं. बद्रीनाथ मायजवळ गेला. ती बरी होती. त्यानं तिचा हात हातात घेतला.

“माय, इथलं पाणी प्या. सगळ्यांनी प्या. नदीचं आणू नका.”

“लाल हाय ते.”

“लालच चांगलं आहे. त्यानं रोग मरतो.”

“आन् मंग तू तसं लिवलं काऊन?” सारजाबाईनं पुंजारामच्या हातातला कागद ओढून त्याच्यापुढं धरला. उलटा धरला होता, पण बोट बरोबर शेवटच्या शब्दावर होतं. तो शब्द तेवढा ती चेहऱ्यानं ओळखू लागली होती. “माह्या लेकानं म्हणे लिवलं, म्हून मी समद्यायला सांगितलं, पिऊ नका. आता कंचं खरं धरू, तुह्या हाताचं का तुह्या तोंडाचं?”

“हात चुकला माय. हे बिनम्हणे आहे.”

बायांत कुजबुज झाली. पण सारजाबाई उठली नाही. ती अशी सहज उठणाऱ्यांतली नव्हतीच. तिनं मोटारीकडं पाहिलं, टोपीवाल्या शफीककडं पाहिलं.

“सरकारनं तुला पाठिवलं म्हून म्हणतोस का? तसं असंल तं तू समद्यालाच बिनम्हणे म्हणशील. मला येक सांग. ह्ये बिनम्हणे, तं बाकीचं? गल्ला लई हाय म्हून लिवलं ते? रयत सुखात हाय ते?”

सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. पुंजाराम बघत होता, हंडे घेतलेल्या बाया बघत होत्या. आणि दोन पावलांवर शफीक, ज्यानं इथला शब्दन्शब्द लिहून द्यायचा होता. सगळंच खरं आहे म्हणावं, तर नोकरी राहत होती आणि विहीर जात होती. बाकीचं खोटं म्हणावं, तर विहीर राहत होती आणि नोकरी जात होती. आप्पासाहेबांनी शिकवलेला एकच शब्द अशा वेळी कामाचा होता, आणि आज त्याच्याआड लपायची सोय नव्हती.

“बाकीचं म्हणे, माय,” बद्रीनाथ मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “गल्ला म्हणे. सुख म्हणे. लिहिलं त्यातलं लई काही म्हणे. पण हे पाणी बिनम्हणे. हे मी सांगतो, बद्रीनाथ. सरकार नाही.”

सारजाबाई कमरेवर हात टेकून उठली, आपला हंडा उचलला आणि विहिरीकडं चालायला लागली. “चला गं,” ती बायांना म्हणाली. “आदी आवडीला न्या.” मागं सगळे हंडे हलले.

परतीच्या वाटेवर बद्रीनाथला चतुराबाईची परात दिसत होती. कचेरीत पोचल्यावर शफीक सरळ टेबलाशी बसला आणि अहवाल लिहून आत देऊन आला. काही वेळानं आतून दोघांनाही बोलावणं आलं. दाऊदसाहेबांच्या हातात तो कागद होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. ‘पाचोड में बद्रीनाथ ने सब के सामने सरकार के तमाम पर्चों को झूठ बताया, सिवाय एक के, कहते हैं.’

“कहते हैं?” दाऊदसाहेबांनी वर पाहिलं. “कौन कहते हैं, शफीक मियाँ? तुम वहीं खड़े थे.”

शफीकनं हात बांधले. “लोगां, हुजूर.”

बद्रीनाथनं खाली मान घातली, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याच वेळी हसूही आवरत नव्हतं. दाऊदसाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांचं मराठी भाजीपुरतं असलं तरी डोकं भाजीपुरतं नव्हतं. गुलमंडीच्या भिंतीपाशी लोक का हसत होते, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि आपण हैदराबादेला काय कळवून बसलोय हेही. प्रकरण वर गेलं तर आधी त्यांनाच जाब द्यावा लागला असता. त्यांनी कागदाची घडी केली आणि पानाच्या डब्याखाली सरकवली.

“आज से किसी पर्चे में ये लफ्ज नक्को,” ते म्हणाले. “एक में भी नहीं.” आणि समोरचा नवा मजकूर बद्रीनाथकडं ढकलला. गल्ला मुबलक आहे, असा.

बद्रीनाथनं तो हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. “म्हणे नसेल तर हे माझ्यानं लिहवणार नाही, साहेब. ते मग मी सांगितल्यासारखं होतं. साथीचं द्या, पुराचं द्या, टोळधाडीचं द्या. ते लिहीन.”

दाऊदसाहेबांनी डब्यातलं पान तोंडात टाकलं. मग त्यांनी गल्ल्याचा मजकूर उचलून शफीकपुढं टाकला. तेव्हापासून कचेरीत तशीच वाटणी पडली. सरकारचं सुख शफीक लिहायचा, अगदी शुद्ध मराठीत, म्हणेवाचून, आणि गुलमंडीच्या त्या भिंतीवर पुन्हा पिचकाऱ्या पडू लागल्या. शफीकला त्याचं वाईट वाटलं नाही. बद्रीनाथकडं आजार, पूर, टोळ आणि बंद पडलेले पूल आले, आणि ही वाटणी त्यानं पाचोडला मायला सांगून ठेवली. पगार थोडा घटला, चतुराबाईनं दोन दिवस खारट भाजी केली, मग तीही विसरली. जालन्याहून आप्पासाहेबांचा निरोप आला, तो असा की पत्रक मिळालं, वाचलं. पुढं काही जोडलेलं नव्हतं, आणि बद्रीनाथला तेवढं पुरलं.

आवडाबाई वाचली. पाचोडात पटकी पसरली नाही.

पावसाळ्यात एका बाजाराच्या दिवशी पुंजारामनं ओट्यावरून नवं पत्रक वाचलं. नदीला रात्रीतून पाणी येणार, काठच्या घरांनी वर सरकावं. लोकांनी नेहमीप्रमाणं सारजाबाईकडं पाहिलं. ती पाटीवरून पुढं वाकली.

“पुंजाराम, शेवटाला काय लिवलंय?”

पुंजारामनं कागद डोळ्यांजवळ नेला. “शेवटाला काय बी नाय, सारजाबाई.”

“पुराचं हाय, अन् बिनम्हणे. मंग माह्या लेकानं लिवलंय,” ती म्हणाली, आणि पाटी उचलून घर आवरायला निघाली.